मामांच्या घरातल्या दोन भिंती : प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५

अमळनेर तालुक्यातलं मामांचं घर. आज फक्त मोजमाप आणि विचारपूस.

घर दोन काळांतलं आहे. पुढचा भाग धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, मामांच्या वडिलांनी बांधलेला: ओटा, वसरी, माजघर. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या (आडवी लाकडं), कड्यांवर किलचन (बारीक लाकडांचा थर) आणि वर खारी माती. मागचा भाग १९८४ सालचा, विटांचा, वर स्लॅब: लांबट स्वयंपाकघर आणि त्याला लागून तेवढीच लांबट धान्याची खोली. मामांना आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत घर मोकळं करून हवंय. लेकी, नातवंडं सगळी येतात आणि पंगत बसवायला जागा पुरत नाही. त्यासाठी दोन भिंती काढायच्या म्हणतात.

भिंत १: वसरी आणि माजघराच्या मधली. मातीची, दीड फूट जाड.
भिंत २: स्वयंपाकघर आणि धान्याच्या खोलीमधली. साडेचार इंची, विटांची. लांबी १९ फूट. दोन्ही बाजूंच्या खोल्या ९-९ फूट रुंद.

घरात सगळ्यांचं एकमत आहे की जाड भिंत भार घेते आणि बारीक ती नुसती पडदी. मिस्त्रीही तेच म्हणाले, "ताई, साडेचारची आहे, दुपारपर्यंत साफ करून देतो." मी त्यांना सांगितलं की मी लिहून देईपर्यंत घण, छिन्नी काही चालवायचं नाही. मामांनीही मान डोलावली: "तू सांगशी तसं करसूत."

जाडी हा पुरावा नाही, हे आधीच लिहून ठेवते. कॉलम-बीमच्या इमारतीत बाहेरची नऊ इंची भिंत नुसती भरलेली असते, ती स्वतःचंच वजन पेलते. उलट त्या काळात विटा वाचवायला घरोघर साडेचारच्या भिंतीवर स्लॅब टेकवलेला सापडतो. भिंत ठोकून येणारा आवाजही मी धरत नाही. त्यावरून प्लास्टर सुटलंय का ते कळतं, वरून किती वजन येतंय ते कळत नाही. विचारायचं ते एवढंच: वर काय टेकलंय, आणि ते जमिनीपर्यंत कुठून पोचतंय.

३ मार्च

वर चढले. काम वरूनच सुरू करायचं असतं, कारण भार वरून येतो.

स्लॅबच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. खाली येऊन टेपने जुळवलं तर ती बरोबर भिंत २ च्या डोक्यावर. भरली की एक टन. भिंत गेली तर ही टाकी १८ फुटी गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधोमध येईल.

धाब्यावर पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती टाकायची रीत. जुनी मात्र कुणी काढत नाही. कडेला सळई खुपसून मोजलं, बहुतेक ठिकाणी दीड फुटाच्या आसपास थर आहे. कोरडी माती घनमीटरला १६०० किलो धरली तर दर चौरस फुटाला ६८ किलो होतात, ओली झाली की आणखी. मुळात एवढी माती लागत नाही. फूटभर धरली तरी ४५ किलो. म्हणजे भिंतीचं काय करायचं ते ठरण्याआधीच एक काम पक्कं झालं: वरचा सहा इंची जादा थर उतरवायचा.

मामींना हे पटायला वेळ लागला. त्या माहेरून आल्यापासून ती माती स्वतः पसरत आल्या आहेत. गळणार नाही याची खात्री दिली, उताराची रेषा आखून दाखवली, मग हो म्हणाल्या.

९ मार्च

भिंत २. आज तिचा वरचा सांधा उघडला.

भिंत आधी की स्लॅब आधी, हे त्या सांध्यावर लिहिलेलं असतं. स्लॅब आधी ओतून नंतर खाली पडदी उभी केली असेल, तर भिंतीच्या डोक्यावरही स्लॅबच्या पोटाला सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतताना खाली लावतात त्या) फळ्यांचे वळ सापडतात. शेवटचा विटांचा थर पूर्ण बसत नाही, म्हणून तिथे विटांचे तुकडे आणि माल कोंबलेला असतो. भिंत आधी असेल तर फळ्या भिंतीच्या कडेपर्यंतच येतात आणि काँक्रीट सरळ विटांवर ओतलं जातं.

तीन ठिकाणी वीतभर रुंद प्लास्टर काढलं: दोन टोकांशी आणि मध्ये. छिन्नी आडवी धरून, हलक्या हाताने. तिन्ही ठिकाणी एकच दिसलं. फळ्यांचे वळ भिंतीपाशी येऊन थांबतात. भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटची राखाडी स्लरी वरच्या थराच्या उभ्या सांध्यांमध्ये उतरलेली आहे, एका ठिकाणी तर विटेच्या खाचेत शिरून दगड झालीय. बॅटरी मारून मिस्त्रींना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर आधीची आहे."

इथे थांबता येत नाही. भिंतीच्या डोक्यावर वळ सापडले असते तरीही मी भिंतीला मोकळी म्हटलं नसतं. स्लॅब वर्षानुवर्षं थोडा थोडा वाकतो आणि खालच्या पडदीवर येऊन बसतो. नंतर बांधलेली भिंतही अशी हळूहळू भाराखाली येते.

१६ मार्च

होळी-धुळवडीमुळे आठवडा गेला. ऑफिसमधून कव्हर मीटर आणला. काँक्रीटच्या आत सळई कुठे आहे ते तो विद्युतचुंबकीय तत्त्वावर सांगतो. घोड्यावर उभं राहून स्लॅबच्या पोटाला फिरवत प्रत्येक सळईवर खडूने रेघ मारत गेले.

मुख्य सळया भिंतीला आडव्या, म्हणजे ९ फुटांच्या दिशेने जातात, साधारण सहा इंचांवर. भिंतीला समांतर जाणाऱ्या नुसत्या वाटणीच्या सळया, बारीक आणि विरळ. म्हणजे स्लॅब एका दिशेने काम करतो: बाहेरच्या भिंतीवरून मधल्या भिंतीवर आणि तिथून पलीकडच्या भिंतीवर.

खरा पुरावा पुढे सापडला. भिंतीपासून सव्वादोन फुटांच्या आत आल्यावर एकाआड एक सळई मीटरवर मंद होत गेली आणि भिंतीजवळ दिसेनाशी झाली. तिच्या शेजारची मात्र शेवटपर्यंत ठणठणीत. दोन्ही खोल्यांत, दोन्ही बाजूंनी तसंच. या क्रँक केलेल्या सळया. आधारापाशी स्लॅबला ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून तिथे एकाआड एक सळई वाकवून वर चढवतात. ज्याने हे लोखंड बांधलं त्याने ही भिंत आधार म्हणूनच धरली होती. ४१ वर्षांपूर्वीच्या त्या अनाम फिटरचं काम इतकं नेटकं निघालं की मला मनापासून बरं वाटलं. कागद नाही, नकाशा नाही, पण सळयांनी सगळं सांगितलं.

संध्याकाळी हिशेब मांडला आणि ऑफिसातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअर सरांना पाठवला.

स्लॅब साडेचार इंची, चौरस मीटरला २८८ किलो. कोबा आणि प्लास्टर १२० च्या आसपास. वर माणसं जातात, पापड-मिरच्या वाळतात, त्या गच्चीसाठी आयएस ८७५ (भारांचं भारतीय मानक) प्रमाणे १५०. बेरीज ५५८, म्हणजे चौरस फुटाला ढोबळ ५० किलो. मधल्या भिंतीवर दोन्ही खोल्यांचा अर्धा अर्धा, म्हणजे ९ फुटांचा पट्टा येतो. दर फुटाला साडेचारशे किलो, १९ फुटांना साडेआठ टन. स्लॅब सलग असल्यामुळे मधल्या आधारावर वाटा सव्वापट येतो, तो धरला तर साडेदहा टन. टाकी वेगळी.

ही ती "नुसती पडदी".

१७ मार्च

सरांचा फोन. त्यांचं म्हणणं तसंच उतरवते.

भिंत काढली तर गाळा ९ चा १८ होतो. गाळा दुप्पट झाला की वाकवणारा जोर चौपट होतो आणि त्याच जाडीच्या स्लॅबचा बाक सोळापट. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) मध्ये साध्या टेकलेल्या स्लॅबसाठी गाळा आणि परिणामी खोली (स्लॅबच्या वरच्या अंगापासून खालच्या सळईपर्यंतची जाडी) यांचं मूळ प्रमाण २० धरलंय. त्याने १८ फुटांना लोखंडानुसार सूट मिळूनही साडेचार इंच कुठेच पोचत नाहीत. दुसऱ्या दिशेने, १९ फुटांकडून भार जाईल म्हणावं तर तिकडे फक्त वाटणीच्या सळया आहेत. आणि भिंतीवरच्या पट्ट्यात, जो आता गाळ्याचा मध्य होईल, तिथे खालच्या अंगाची अर्धी सळई आधीच वर चढवलेली आहे. नेमकं जिथे लोखंड खाली हवं तिथून ते वर गेलंय.

मामांनी विचारलं, गर्डर टाकून निम्मी तरी उघडता येईल का? येईल. आठ फुटांचं तोंड काढायचं तर गर्डरच्या प्रत्येक टोकाला सव्वादोन टन येतात. ते साडेचारच्या भिंतीवर टेकवता येत नाहीत, विटा चुरडतील. दोन्ही टोकांना नऊ इंची पिलर, त्यांवर काँक्रीटचा बेड आणि पिलरला स्वतःचा पाया लागेल. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यायला हवा. आखाजीच्या आत घाईने करायचं हे काम नाही. दिवाळीनंतर बघू, असं ठरलं.

भिंत २ राहणार. आहे तो तीन फुटी दरवाजाही आहे तसाच.

२३ मार्च

भिंत १, जाडजूड. मिस्त्री आता हिच्याकडे भीतभीत बघतात.

गावातल्या सुतारबाबांना बोलावलं. या घराचं लाकूड त्यांच्या वडिलांनी घडवलं होतं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, वर तुळईचे सांधे पाहिले आणि म्हणाले, "खांब भीतना पोटमा शेतस." म्हणजे खांब भिंतीच्या पोटात आहेत. तुळईला जिथे सांधा, तिथे खाली खांब असलाच पाहिजे, नाहीतर सांधा उघडा पडेल. वसरीतून सांधे मोजले: चार खांब, तीन खण. आमच्याकडे जुनं घर खणांवर मोजतात ते उगाच नाही. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, आणि भार खांबावरच असतो. भिंत नंतर आडोशाला भरलेली.

बाबांचं सांगणं मोलाचं, पण पडताळायला हवं. ओली माती भिंतीत रचली की वाळताना ती खाली बसते आणि तुळईखाली बारीक फट राहते. ही फट मोकळी असेल तर वजन भिंतीवर उतरत नाही. हॅकसॉचं पातं घेतलं, शिडी लावली आणि वरचा गिलावा कोरून फटीत पातं सरकवत गेले. पहिल्या खणात सरसर फिरलं. दुसऱ्या खणात तिसऱ्या खांबाजवळ येईपर्यंत. तिसऱ्या खांबाच्या दोन्ही बाजूंना, हातभर अंतरात, पातं अडकलं. मिस्त्रींनी ढकललं तरी जाईना. तिसऱ्या खणात पुढे गेल्यावर पुन्हा मोकळं.

तीन खणांत भिंत बिनभाराची आणि एका खांबाजवळ भाराखाली. याचं कारण सापडेपर्यंत काही ठरवायचं नाही.

२५ मार्च

तिसऱ्या खांबापाशी भिंत खालून फोडली, फक्त खांब दिसेल एवढी. सात इंची सागाचा चौकोनी खांब, वरून चकचकीत. तळखड्यापासून (खांबाखालच्या दगडापासून) वीतभर वर दाभण टोचलं तर मुठीपर्यंत आत गेलं. आत उधईने (वाळवीने) पोखरून मातीच्या नळ्या भरल्यात. बाहेरचं कवच तेवढं शिल्लक.

आता सगळं जुळलं. खांबाचा बुंधा बसला, त्याबरोबर तुळई थोडी खाली आली आणि शेजारच्या मातीच्या भिंतीवर टेकली. घर बांधलं तेव्हा या भिंतीवर काहीच नव्हतं. उधई लागल्यावर ती भार घेऊ लागली, कुणाला न विचारता. म्हणूनच "मूळ बांधणी अशी होती" एवढ्यावर भिंत पाडता येत नाही. आज भार कुठून उतरतोय ते आजच बघावं लागतं.

बाकी तीन खांब दाभणाने आणि हातोडीने तपासले. चांगले आहेत.

दोन्ही भिंतींवरच्या जुन्या भेगांवर पीओपीच्या टिकल्या लावल्या, प्रत्येकीवर तारीख घातली. भेग हलली तर टिकली आधी तडकते. भिंत २ च्या दरवाजाच्या कोपऱ्यातल्या तिरप्या भेगेवर दोन.

३० मार्च

पाडवा. काम बंद. टिकल्या पाहिल्या, सगळ्या शाबूत.

४ एप्रिल

धाब्यावरचा जादा थर उतरवून झाला. आधी वजन कमी करायचं आणि मग टेकू लावायचे, हा क्रम मी सोडला नाही. माती पोत्यांत भरून खाली आणली. मामा ती मळ्यात टाकणार होते, पण खारी माती पिकाला नको म्हणून ओट्यापुढच्या भरावात वापरली.

तिसऱ्या खांबाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी जॅक लावले, वसरीतून आणि माजघरातून. खाली जाड फळ्या, म्हणजे वजन एका फरशीवर येणार नाही. वर तुळईखाली आडवा ओंडका. जॅक पाव पाव आटा फिरवत गेलो आणि मध्ये थांबून लेव्हल ट्यूब बघत गेलो. तुळई वर उचलायची नव्हती, नुसती धरायची होती. जास्त उचललं तर वरचं किलचन उघडतं आणि गळती सुरू होते.

पातं पुन्हा घातलं. आता तिसऱ्या खांबापाशीही सहज फिरलं. भार जॅकवर आला.

बाबांनी खांबाचा बुंधा दीड फूट कापला. आतून भुसा आणि चिखल ओघळला. वरचं लाकूड घट्ट लागेपर्यंत आणखी दोन बोटं कापायला लावलं. तळखडा साफ करून, त्यात बार बसवून, काँक्रीटचा ठोकळा ओतला, वर लोखंडी प्लेट. खांबाच्या टोकाला वाळवीचं औषध. ऊन कडक आहे, त्यामुळे ठोकळ्याला ओलं पोतं दिवसभर. ही जबाबदारी मामींनी घेतली.

१० एप्रिल

सरांनी येऊन पाहिलं. त्यांनी एक मुद्दा काढला तो महत्त्वाचा. ही भिंत वजन घेत नसली तरी बिनकामाची नाही. चार खांब आणि तुळई ही चौकट आडव्या धक्क्याने डुलू शकते, आणि इतकी वर्षं मातीने तिला बाजूने धरून ठेवलंय. आयएस १८९३ (भूकंपाचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या नकाशात आपला भाग भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि सातपुड्यात मार्च १९३८ मध्ये मोठा भूकंप झालेला आहे. तेव्हा दोन्ही टोकांची दोन-दोन फूट भिंत ठेवायची, आणि मधल्या दोन खांबांपासून तुळईला सागाचे तिरपे आधार द्यायचे. सुतारबाबांना हे लगेच उमगलं. त्यांच्याकडे जुन्या वाड्याचं साग पडून होतं.

सरांनी सहीचं स्केच दिलं. मामांनी ते घराच्या कागदांत ठेवलं. पुढे कुणी ही खोली बघून "बाकीचीही काढू" म्हणालं तर त्याला दाखवायला हवं.

१४ एप्रिल

तिरपे आधार बसले. नंतर जॅक उतरवले, तसेच पाव पाव आट्याने. तुळई दोन मिलिमीटर खाली आली आणि ठोकळ्यावरच्या प्लेटवर घट्ट बसली. अर्धा तास थांबून पुन्हा मोजलं, तेवढंच.

१५-१६ एप्रिल

भिंत १ उतरवली. घण नाही, वरून खाली थराथराने, कुदळीने. खालून पाडली असती तर वरची माती एकदम खाली आली असती आणि खांबाला धक्का बसला असता. वसरीतली देवळी मामींना हवी होती. ती टोकाच्या दोन फुटांत येत होती, ती राहिली.

पहिल्या दिवशी दुपारनंतर सगळा मुलूख पेटलेला, पत्र्यासारखं ऊन. बारा ते चार काम बंद ठेवलं.

२६ एप्रिल

सगळ्या टिकल्या तपासल्या. भिंत २ वरच्या दोन्ही शाबूत, म्हणजे ती भेग जुनी आहे आणि सध्या हलत नाही. तिसऱ्या खांबाजवळ तुळईची लेव्हल १४ तारखेचीच आहे.

वसरी-माजघर मिळून मोठी जागा झाली, मध्ये दोन खांब. मामांना आधी ते खांब अडचणीचे वाटत होते. आता त्यांना तेल लावायचं म्हणतात. लावा, पण वाळवीचं औषध पूर्ण सुकल्यावर.

मामेबहिणीने विचारलं, आखाजीचा झोका तुळईला टांगू का? नाही. झोक्यावर माणूस बसलं की वजन नुसतं खाली येत नाही, पुढे-मागे ओढतं, आणि जुळवलेल्या खांबाची तुळई आत्ताच ओढायची नाही. अंगणातल्या निंबाला बांधायचा, दरवर्षी बांधतात तसाच.

राहिलेली कामं: ठोकळ्याभोवती फरशी, धाब्याच्या कडेचं पन्हाळ, मिस्त्रींचा हिशेब. भिंत २ वरच्या टिकल्या दिवाळीपर्यंत काढायच्या नाहीत, कारण काळी माती पावसाने फुगल्यावर भेग काय करते ते बघायचंय. दर अमावस्येला टिकली पाहून मामी कालनिर्णयावर खूण करतील. तडकली दिसली तर त्याच दिवशी मला फोन.